आरसी बोटीची मोटर निवडायची, तर आधी प्रोपेलर ठरवा

आरसी, म्हणजे रेडिओ रिमोटवर चालणारी, इलेक्ट्रिक बोट बांधायला घेतलेला माणूस बहुतेक वेळा खरेदीला मोटरपासून सुरुवात करतो. ऑनलाइन एखादी दणकट ब्रशलेस मोटर सवलतीत दिसते, ती घेतली जाते. मग तिच्या जोडीला ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर, मग बॅटरी. प्रोपेलर मात्र किटमध्ये जो आला असेल तोच बसतो. बोट पहिल्या फेरीला सुसाट जाते आणि तिसऱ्या मिनिटाला झाकणाखालून जळका वास येऊ लागतो. दोष मोटरच्या माथी मारला जातो, पण मोटर बिचारी चांगलीच असते. किती शक्ती खेचायची हे ठरवतो पाण्यात फिरणारा प्रोपेलर. मोटर ती पुरवायला बघते, पुरवता आली तर ठीक, नाहीतर तापून जाते. म्हणून निवड पाण्याकडून सुरू करून बॅटरीकडे जायला हवी. खाली तोच क्रम ठेवला आहे.

उदाहरणासाठी एक ठरावीक बोट धरू: ८० सेंमी लांबीची, खोल व्ही तळाची, एका मोटरची स्पीडबोट. सगळं सामान धरून वजन अडीच किलोच्या आसपास, चार सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी, आणि अपेक्षित वेग ताशी ६० किमी. शेवटी एका संथ ट्रॉलरचाही हिशेब आहे, कारण तिथे जवळजवळ प्रत्येक निर्णय उलटा होतो.

१. आधी तळ बघा

बोटी ढोबळपणे दोन जातींच्या. एक पाणी बाजूला सारत जाणारी: टग, ट्रॉलर, युद्धनौका. दुसरी वेग घेतल्यावर पाण्याच्या वर उचलली जाऊन पृष्ठभागावर घसरत जाणारी: एकाच व्ही तळाची मोनो, दोन तळांची कॅटामरान, हायड्रोप्लेन.

पहिल्या जातीच्या बोटीला वेगाची मर्यादा तिच्या लांबीनेच घातलेली असते. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. येतो तो वेग नॉटमध्ये. तीन फुटी बोटीचा वेग २.३ नॉट येतो, म्हणजे ताशी सव्वाचार किमी. त्यापुढे कितीही मोठी मोटर घाला, बोट फक्त पुढे मोठी लाट उभी करते आणि मागून बसते. स्पीडबोटीला ही मर्यादा नाही, पण वर उचललं जाण्यासाठी तिला सुरुवातीच्या दोन-तीन सेकंदांत भरपूर जोर लागतो. वजन जास्त झालं तर ती उचललीच जात नाही. नांगरल्यासारखी पाणी फाडत राहते आणि त्या अवस्थेत करंट सर्वांत जास्त खेचते. म्हणून स्पीडबोटीत प्रत्येक शंभर ग्रॅमचा विचार करा.

२. प्रोपेलर

प्रोपेलरचे दोन आकडे महत्त्वाचे. व्यास, आणि पिच, म्हणजे घन पदार्थात स्क्रूसारखा फिरला असता तर एका फेऱ्यात तो किती पुढे गेला असता ते अंतर. ऑक्ट्युराच्या एक्स मालिकेत हे आकडे नावातच असतात: एक्स ४४० मधला पहिला ४ सांगतो की पिच व्यासाच्या १.४ पट आहे, आणि ४० म्हणजे व्यास ४० मिमी. म्हणजे पिच झाली ५६ मिमी.

आता हा नियम मनात पक्का बसवा, कारण सगळी जळालेली इलेक्ट्रॉनिक्स याच्याशीच जोडलेली असते. एकाच घाटाच्या प्रोपेलरला लागणारी शक्ती व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते आणि फेऱ्यांच्या तिसऱ्या घाताने. ४० मिमीचा काढून ४२ चा लावला तर फरक नजरेला कळतसुद्धा नाही, पण तेवढ्याच फेऱ्यांना शक्ती सव्वापटीहून जास्त लागते. ४५ चा लावला तर १.८ पट. प्रोपेलर तोच ठेवून तीन सेलवरून चार सेलवर गेलात तर २.३७ पट. प्रत्यक्षात मोटर दबते, फेरे थोडे घटतात, त्यामुळे वाढ एवढी पुरी दिसत नाही. पण दिशा हीच. ‘फक्त बॅटरी बदलली’ असं म्हणणाऱ्याने खरं तर दुप्पट ओझं चढवलेलं असतं.

आपल्या ८० सेंमीच्या बोटीला चार सेलवर ३८ ते ४२ मिमीचा, दोन पात्यांचा, पाण्याच्या पृष्ठभागावर अर्धा बाहेर राहून चालणारा प्रोपेलर योग्य. ४० धरू.

साहित्याबद्दल एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. स्पर्धेत वापरले जाणारे ओतीव धातूचे प्रोपेलर बऱ्याचदा बेरिलियम-तांब्याचे असतात. ते कच्चे येतात, त्यांना धार लावून, दोन्ही पाती समतोल करून घ्यावी लागतात. त्यांची कोरडी भुकटी फुफ्फुसांना घातक आहे. पॉलिश पेपर नेहमी पाण्यात भिजवून वापरा, मास्क लावा, पुसलेलं फडकं टाकून द्या, आणि हे काम स्वयंपाकघरात अजिबात करू नका. घरात लहान मुलं असतील तर सरळ यंत्रावर कापलेला अ‍ॅल्युमिनियमचा प्रोपेलर घ्या. शिकण्याच्या काळात नायलॉनचाही चालतो, मात्र मोठ्या फेऱ्यांना त्याची पाती वाकतात आणि वेग हातचा जातो.

समतोल न केलेला प्रोपेलर मिनिटाला वीस हजारांहून जास्त फेऱ्यांनी फिरला की मागची बेअरिंग आणि बुश (दांडा ज्यात फिरतो ती छोटी नळी) बोटीच्या काही चकरांतच ढिले होतात. दोन सपाट ब्लेडच्या धारांवर आडव्या दांड्याने प्रोपेलर ठेवा. जे पातं खाली जातं त्याची मागची बाजू हलकी घासा. कुठल्याही स्थितीत ठेवला तरी स्थिर राहिला की झालं.

३. केव्ही उलट्या हिशेबाने काढा

केव्ही म्हणजे मोटरवर भार नसताना दर व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे. तो शक्तीचा आकडा नाही. ‘जास्त केव्ही म्हणजे जास्त ताकदवान मोटर’ हा गैरसमज सोडून द्या.

हिशेब असा. ताशी ६० किमी म्हणजे मिनिटाला १,००० मीटर. प्रोपेलर पाण्यात थोडा घसरतोच, ती घसर २० टक्के धरली तर पिचप्रमाणे वेग मिनिटाला १,२५० मीटर हवा. १,२५० ला ०.०५६ ने भागा: सुमारे २२,३०० फेरे. हे भार असतानाचे. भाराखाली मोटर बिनभाराच्या ८० टक्क्यांवर येते असं धरलं तर बिनभाराचे फेरे २७,९०० च्या जवळ. चार सेलच्या लिपोचं नाममात्र व्होल्टेज १४.८. भागाकार १,८८५ येतो.

म्हणजे १,८०० ते २,००० केव्हीच्या दरम्यानची मोटर शोधायची. पृष्ठभागावर चालणाऱ्या प्रोपेलरच्या स्पीडबोटींसाठी बिनभाराचे २५ ते ३५ हजार फेरे ही साधारण सुरक्षित पट्टी आहे. आपण तिच्या आतच आहोत. तुमचा हिशेब चाळीस हजारांच्या वर जात असेल तर केव्ही कमी करा आणि एक सेल वाढवा. तीच शक्ती जास्त व्होल्ट आणि कमी करंटने मिळते, आणि तारांतली, मोटरच्या गुंडाळीतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढत असल्याने हा सौदा नेहमी फायद्याचा ठरतो.

४. मोटरचा आकार

ब्रशलेस मोटरच्या नावातले चार आकडे तिचं माप सांगतात: ३६७४ म्हणजे व्यास ३६ मिमी, लांबी ७४ मिमी. काही उत्पादक बाहेरचं माप देतात, काही आतल्या स्टेटरचं, म्हणून चित्रातल्या मापांवर एकदा नजर टाका. आकार ठरवतो मोटर किती उष्णता सहन करू शकते. अशी बोट साधारण ५०–६० अँपिअर सरासरीने खेचते, वळणावर काही क्षण शंभरच्या पुढे. १४ व्होल्टला ६० अँपिअर म्हणजे ८४० वॉट. मोटरची कार्यक्षमता ८५ टक्के असली तरी १२५ वॉट उष्णता होते. २५ वॉटचे पाच सोल्डरिंग आयर्न एका बंद डब्यात चालू ठेवल्यासारखं ते आहे. म्हणून या बोटीला ३६७४, चार पोलची (चुंबकीय ध्रुवांची), इनरनर (कवच स्थिर, आतला भाग फिरणारी), वर गार ठेवायला पाण्याचं जॅकेट. ३६६० चालेल, पण प्रोपेलर ३८ च्या पुढे नेऊ नका.

आउटरनर मोटरचं बाहेरचं कवच फिरतं, त्यामुळे तिच्यावर जॅकेट बसत नाही आणि पाणी फिरवायचं तर पुढच्या माउंटमधून. तिला टॉर्क जास्त, केव्ही कमी, किंमतही बरी. मोठ्या, पाच-सहा सेलच्या बोटीत अनुभवी लोक ती छान वापरतात. पहिल्या स्पीडबोटीत मात्र इनरनरच घ्या.

५. ईएससी

बोटीला उतार नसतो. गाडी थ्रॉटल सोडल्यावर धावत राहते, विमान तरंगत राहतं, बोट मात्र सतत पाण्याशी झगडत असते. त्यामुळे गाडीसाठी १२० अँपिअर लिहिलेला ईएससी बोटीत त्या आकड्यावर विसंबून चालवू नका. हिशेबाने येणाऱ्या सरासरी करंटच्या दुप्पट सतत-क्षमतेचा घ्या. आपल्या बोटीला १२० किमान, १५० घेतला तर झोप शांत लागते. ‘बर्स्ट’, म्हणजे काही क्षणांपुरता, म्हणून छापलेला आकडा वाचूच नका.

पाण्याच्या नळ्या असलेला, खास बोटीचा ईएससी हवा. ब्रेक बंद, आणि स्पीडबोटीत रिव्हर्सही बंद. कमी व्होल्टेजची मर्यादा प्रति सेल ३.३–३.४ व्होल्ट. टायमिंग, म्हणजे गुंडाळीला वीज किती आधी द्यायची ती सेटिंग, मध्यम किंवा त्याहून कमी: वाढवलं तर फेरे थोडे वाढतात, उष्णता बरीच.

तारांचं एक पथ्य बरेच जण मोडतात. ईएससी आणि बॅटरी यांच्यातली तार लांबवू नका. तिथली लांबी व्होल्टेजचे झटके वाढवते आणि ईएससीतले कॅपॅसिटर त्यातच जातात. लांबी वाढवायचीच असेल तर मोटरकडच्या तीन तारा लांबवा.

६. बॅटरी आणि जोडण्या

५,००० एमएएच (५ अँपिअर-तास), ५०सी, म्हणजे त्याच्या ५० पट करंट, असं लिहिलं असेल तर कागदावर २५० अँपिअर होतात. त्यातले निम्मे खरे माना, म्हणजे १२५. आपल्याला पुरतात. बॅटरी रिकामी होईपर्यंत चालवायची नसते. ८० टक्के, म्हणजे ४ अँपिअर-तास वापरायचे. सरासरी ५० अँपिअरला पावणेपाच मिनिटं. ट्रान्समीटरवर चार मिनिटांचा टायमर लावा आणि तो वाजला की बोट काठाला आणा.

कनेक्टर एक्सटी ९० किंवा ५.५ मिमीचे गोल बुलेट. एक्सटी ६० या बोटीला लहान आहे, तो मऊ पडून सुटतो.

बॅटरी जिथे बसते त्यावर बोटीचा तोल ठरतो. मोनो बोटीचा गुरुत्वमध्य मागच्या सपाट बाजूपासून, म्हणजे ट्रान्समपासून, एकूण लांबीच्या २८ ते ३२ टक्क्यांवर असावा. बॅटरी पुढे-मागे सरकवता येईल अशी वेल्क्रोची लांब पट्टी आधीच चिकटवून घ्या. जागा पक्की करणं नंतर.

७. शाफ्ट

बाजारात सगळ्यात कमी विचार याच भागाचा होतो आणि बोटी सगळ्यात जास्त इथेच थांबतात.

स्पीडबोटीत लवचीक शाफ्ट, म्हणजे पोलादी तारांची पिळलेली केबल, पितळी नळीतून वळण घेत मागे जाते. आपल्या बोटीला ४ किंवा ४.७६ मिमीची. त्याहून बारीक ३.१८ मिमीची केबल लहान बोटींसाठी, ३६७४ ती पिळून टाकेल. मोटरचा दांडा ५ मिमी, केबल ४.७६, म्हणून दोन्हींना पकडून जोडणारं कोलेट ५ × ४.७६ चं. मागच्या कडक दांड्याचा व्यास आणि प्रोपेलरचं भोक जुळायला हवं. ४ मिमीच्या दांड्यावर ४.७६ भोकाचा प्रोपेलर कागदाची पट्टी गुंडाळून बसवणारे लोक आहेत. त्याने समतोलाचं सगळं काम वाया जातं.

केबलच्या पिळाची दिशा बघून घ्या. मोटर ज्या दिशेला फिरते त्या दिशेने पीळ घट्ट व्हायला हवा. उलटा असेल तर पहिल्याच जोरात केबल उलगडते. रिव्हर्स बंद ठेवायचं एक कारण हेही.

आता एक छोटी मोकळी जागा. घट्ट होताना केबल लांबीला किंचित आखडते आणि प्रोपेलरला पुढे ओढते. म्हणून प्रोपेलरच्या पुढचा ड्राइव्ह डॉग (दांड्यावर घट्ट बसून प्रोपेलरला फिरवणारा तुकडा) आणि स्ट्रटचं, म्हणजे मागे दांड्याला धरणाऱ्या आधाराचं, बुश यांच्यात ३ ते ६ मिमी अंतर सोडावं लागतं. अंतर न सोडता नीटनेटकं बसवलं तर पूर्ण थ्रॉटलला डॉग बुशवर दाबला जातो, ब्रेक लागल्यासारखं होतं, करंट चढतो, आणि काठावर मात्र सगळं हाताने मोकळं फिरतं. कारण सापडत नाही, माणूस मोटर बदलतो. अंतर मोजून ठेवा.

मोटर आणि नळी एका रेषेत आहेत का हे बघायची साधी रीत: कोलेट सैल करा, केबल हाताने आत-बाहेर करा आणि फिरवा. कोलेटच्या तोंडात ती स्वतःहून, कुठल्याही कडेला न घासता शिरली पाहिजे. थोडी जरी वाकवून घालावी लागली तर मोटरच्या माउंटखाली पातळ पट्टी द्या. स्ट्रट तळाला समांतर, दांड्याचा मध्य तळाच्या रेषेवर किंवा जेमतेम खाली, इथून सुरुवात करा. नाक फार उचललं जात असेल किंवा बोट उड्या मारत असेल तर एका वेळी एकच गोष्ट, अर्ध्या मिलीमीटरने बदला.

ग्रीस मरीनचं, पाण्याने न धुपणारं. प्रत्येक दिवसाच्या शेवटी केबल बाहेर ओढून फडक्याने पुसायची. ग्रीस दुधाळ झालं असेल तर नळीत पाणी शिरतंय. त्यात तपकिरी छटा असेल तर केबल गंजायला लागली. एखादी तार तुटून उभी राहिलेली बोटाला लागली तर ती केबल त्याच दिवशी टाकून द्या, कारण पुढच्या वेळी ती तलावाच्या मधोमध तुटते आणि प्रोपेलरसकट तळाला जाते.

८. पाणी फिरवणं

सुकाणूच्या पात्यातून किंवा तळातल्या छोट्या तोंडातून पाणी आत घ्यायचं, आधी ईएससीला, मग मोटरला, मग बाजूने बाहेर. ईएससी आधी, कारण तो तापमानाला जास्त नाजूक. जमलं तर दोघांना वेगवेगळ्या नळ्या द्या. बाहेर पडणारी धार काठावरून दिसेल अशा जागी सोडा. धार थांबली की थ्रॉटल सोडायचा, बाकी काही बघायचं नाही. पाषाण किंवा रंकाळ्यासारख्या तलावांत जलपर्णीचा त्रास आहे, आणि तिच्या मुळांचा एक तुकडासुद्धा हे तोंड बंद करायला पुरतो. काठाजवळ गळाची तुटलेली तंगूस असते, ती दांड्याभोवती गुंडाळली की बुश कापते. प्रत्येक फेरीनंतर मागचा भाग उलटा करून बघा. बोट रिकाम्या जागी फोम भरल्याशिवाय पाण्यात सोडू नका, आणि रिसीव्हरचा फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावरची सेटिंग, थ्रॉटल शून्यावर येईल असा लावून, ट्रान्समीटर बंद करून, घरीच तपासा.

खाडीत चालवत असाल तर त्याच संध्याकाळी पाण्याच्या नळ्यांसकट सगळं गोड्या पाण्याने धुवा. मोटरच्या बेअरिंगमध्ये तेलाचा थेंब सोडा.

९. संथ ट्रॉलरचा हिशेब

कोकण किनाऱ्यावर दिसणारा १५ मीटरचा मासेमारी ट्रॉलर १:२० प्रमाणात केला तर मॉडेल ७५ सेंमीचं होतं. खऱ्या ट्रॉलरचा वेग ८ नॉट धरला तर मॉडेलचा वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने भागून काढायचा: ८ भागिले ४.४७, म्हणजे १.८ नॉट, ताशी ३.३ किमी. तेवढ्याच वेगाला मॉडेलच्या लाटा खऱ्या बोटीच्या लाटांसारख्या दिसतात.

इथे मोठा, चार पात्यांचा पितळी प्रोपेलर घ्या: ४५ मिमी, पिच ४० च्या आसपास. मिनिटाला ५५ मीटर जायचं आहे, घसर ५० टक्के धरली तर २,७५० फेरे. म्हणजे १२ व्होल्टला बिनभाराचे ४ हजारांच्या आसपास फेरे असणारी ब्रशवाली मोटर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ७७५ आकाराच्या मोटरी मिळतात, पण त्याच आकारात तीन हजारांपासून बारा हजार फेऱ्यांपर्यंतच्या असतात. दुकानदाराला आकारासोबत फेरे विचारा. जास्त फेऱ्यांचीच मिळाली तर दात्यांच्या पट्ट्याने अडीचास एक असं घटवा.

कडक दांडा, युनिव्हर्सल जॉइंट, रिव्हर्स असलेला ब्रश ईएससी २० ते ३० अँपिअरचा, मोटरच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचे कॅपॅसिटर. करंट दोन-तीन अँपिअर, पाणी फिरवायची गरज नाही. बॅटरी १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची लेड-अ‍ॅसिड: दोन किलोंहून जास्त वजन, पण ट्रॉलरला तळाशी वजन हवंच असतं, आणि दीड तास सहज चालते. बॅटरीच्या अगदी जवळ १० अँपिअरचा फ्यूज घाला. प्रोपेलर जलपर्णीत अडकून मोटर जागच्या जागी थांबली तर करंट कित्येक पट चढतो, तेव्हा हा फ्यूज उडतो आणि मोटर वाचते.

१०. पहिली चाचणी

ट्रॉलर घरच्या टबमध्ये तपासता येतो: बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये वॉटमीटर लावा आणि आकडा वाचा. स्पीडबोटीचा टबमधला आकडा फसवा, कारण उभ्या बोटीत प्रोपेलरवर पूर्ण भार येतो. तिला पाण्यावर सोडूनच मोजावं लागतं.

हिशेबाने आलेल्या प्रोपेलरपेक्षा एक माप लहान लावा, ४० ऐवजी ३८. पूर्ण भरलेल्या बॅटरीने नेहमीसारखी दोन मिनिटं चालवून परत आणा. झाकण उघडल्याबरोबर इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा: मोटर ७० अंशांच्या, ईएससी ६० च्या, बॅटरी ५५ च्या खाली हवी. थर्मामीटर नसेल तर हाताचं बोट टेकवा, पाच सेकंद ठेवता येत नसेल तर फार तापलंय. बॅटरी गार झाल्यावर चार्जरवर लावा आणि पुन्हा पूर्ण भरायला किती एमएएच गेले ते लिहून ठेवा. १,६०० गेले असतील तर दोन मिनिटांत १.६ अँपिअर-तास, म्हणजे सरासरी ४८ अँपिअर. आपल्या हिशेबाच्या आत आहे, तर ४० लावा आणि हेच पुन्हा करा. १,६०० ऐवजी २,३०० गेले असतील तर सरासरी ६९ अँपिअर झाली. मग प्रोपेलर वाढवण्याआधी ड्राइव्ह डॉगचं अंतर, कोलेटची रेषा आणि गुरुत्वमध्य तपासा. तिन्ही बरोबर असूनही आकडा उतरत नसेल तर ३८ चा काढून ३६ चा लावा.